"तासाभराचं काम, नऊ दिवस लावले" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. तुमचा कॉम्प्युटर नऊ दिवस आमच्याकडे अडकून पडला, तुमची कामं खोळंबली आणि मधले दोन दिवस आमच्याकडून तुम्हाला साधा फोनही गेला नाही. याबद्दल मनापासून माफी मागतो. फोन करायलाच हवा होता.

पण "मदरबोर्ड बदलणं तासाभराचं काम, पैसे उकळण्यासाठी मुद्दाम रखडवलं" हे वाक्य फार लागलं. बोर्ड बदलायला तासच लागतो, हे तुमचं बरोबर आहे. तुमचाही तासाभरातच बदलला. दिवस गेले ते बोर्ड मिळवण्यात, आणि राग मानू नका, पण त्यातले तीन दिवस तुमच्या होकाराची वाट बघण्यात गेले.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी तुम्हाला कळवलं होतं की रॅम बदलून पाहिली, चालू एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लावून पाहिला, तरी डिस्प्ले येत नाही. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर फुगलेत, बोर्डच गेलाय. हेही सांगितलं होतं की हा कंपनीचा तयार डेस्कटॉप आहे, त्याला त्याच पार्ट नंबरचा बोर्ड लागेल आणि तो मागवावा लागेल. तुम्ही "विचार करून सांगतो" म्हणालात. चौथ्या दिवशी आलात ते स्वतःच बाजारातून नवा बोर्ड विकत घेऊन, आणि "हाच बसवा" म्हणालात.

तो बोर्ड चांगलाच होता, पण तुमच्या कॅबिनेटचा नव्हता. एटीएक्स, म्हणजे बोर्ड आणि कॅबिनेटचं सगळ्या कंपन्यांसाठी सारखं माप, १९९५ साली ठरलं, त्यामुळे सुटे पार्ट घेऊन जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये एका कंपनीचा बोर्ड काढून दुसरीचा बसवता येतो. स्क्रूची भोकं ठरलेली, २४ पिनचा पॉवर कनेक्टर ठरलेला. तुमच्या मशीनमध्ये यातलं काहीच तसं नाही. एसएमपीएसमधून सहा पिनची एकच मुख्य वायर येते आणि तिच्यात फक्त १२ व्होल्ट असतात. ५ आणि ३.३ व्होल्ट कंपनीचा बोर्ड स्वतः तयार करतो, हार्ड डिस्कलाही वीज बोर्डवरूनच जाते. पॉवर बटणाच्या वायरी कंपनीच्या एका अखंड प्लगमध्ये आहेत. मागची यूएसबीची, मॉनिटरची खिडकी कॅबिनेटच्या पत्र्यातच कापलेली आहे, वेगळी प्लेट बसवायला जागाच नाही. प्रोसेसरच्या कूलरचे स्क्रूसुद्धा बोर्डच्या आरपार जाऊन खालच्या पत्र्यात घट्ट होतात.

तुम्ही मोबाइलवर एक अडॅप्टर केबल दाखवलीत आणि "ही लावली की झालं, तुम्हाला माहीत नाही" असं काउंटरवर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालात. ती केबल आम्हाला माहीत आहे, आमच्याकडे ठेवलेलीही असते. ती साधा २४ पिनचा एसएमपीएस कंपनीच्या बोर्डला जोडण्यासाठी असते. तुम्हाला हवं होतं ते उलटं: कंपनीच्या एसएमपीएसवर साधा बोर्ड. त्याला ५ आणि ३.३ व्होल्ट आणायचे कुठून? तुमचा बोर्ड वापरायचा तर एसएमपीएस नवा, आणि नेहमीचा एसएमपीएस त्या बारक्या कॅबिनेटमध्ये मावत नाही म्हणून कॅबिनेटही नवं. मग जुन्यातलं उरलं काय? प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क. हे मी त्या दिवशी कॅबिनेट उघडून, तुमचा बोर्ड त्यावर धरून दाखवलं होतं. तेव्हा तुम्हाला पटलं होतं, म्हणून तर तुम्ही तो परत घेऊन गेलात आणि "मागवा" म्हणालात. ऑर्डर त्याच संध्याकाळी गेली.

सातव्या दिवशी बोर्ड आला, पण तो आधीच्या पिढीच्या प्रोसेसरचा निघाला. दिसायला तंतोतंत सारखा, पार्ट नंबरचा शेवटचा आकडा तेवढा वेगळा. पुरवठादाराची चूक, पण तुमच्यासाठी उशीर तो उशीरच. तो परत केला, बरोबर बोर्ड नवव्या दिवशी आला, आणि त्याच दिवशी मशीन चालू करून तुमच्या हातात दिलं. फोन राहून गेला तो याच दोन दिवसांत.

बोर्ड नवा नाही, दुसऱ्या मशीनमधून काढून तपासलेला आहे, हे ऑर्डरआधी सांगितलं होतं आणि बिलावरही लिहिलंय. या मॉडेलचा नवा बोर्ड आम्हाला कुठेच मिळाला नाही.

"डेटा लॉक करून ठेवला" असंही तुम्ही लिहिलंत. ते लॉक आम्ही लावलेलं नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर त्याची किल्ली जुन्या बोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते. बोर्ड बदलला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती तुमच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली आणि सगळ्या फाइल्स जशाच्या तशा मिळाल्या. मात्र मशीन उघडण्याआधी आम्ही हे विचारायला हवं होतं, ही चूक मान्य आहे. यापुढे विचारू, आणि फोनचंही बघतो.

तुम्ही किती तारे द्यावेत हा तुमचा अधिकार आहे. "फसवणूक" हा शब्द तेवढा मागे घ्यावा अशी विनंती. हा अभिप्राय वाचून आमच्याकडे न येणारं गिऱ्हाईक आम्हाला कधी कळणारही नाही, आणि दुकानावर दोन मुलांचे पगार आहेत.

तुमचा जुना बोर्ड पिशवीत घालून ठेवलाय. चौथ्या दिवशी आणलेल्या बोर्डची मागची पत्र्याची प्लेटही काउंटरवरच राहिली होती. तो बोर्ड परत द्यायचा असेल तर ती लागेल, लवकर घेऊन जा.