टायमिंग किती आलं?

हिल मॅरेथॉन झाली की साताऱ्यात पुढचे पंधरा दिवस हा एकच प्रश्न. दुकानात बीपीची गोळी घ्यायला आलेले काका विचारतात, मंडईत भाजीवाल्या मावशी विचारतात, माहेरचा फोन यानेच सुरू होतो. विचारणाऱ्याच्या पोटात कौतुकच असतं, मला माहीत आहे. पण यंदा नुसता आकडा सांगून मोकळं व्हायला मन तयार होईना. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन मी तीनदा धावले. पहिल्यांदा २ तास ४१ मिनिटं. दुसऱ्यांदा २ तास २९ मिनिटं. यंदा ३ तास १४ मिनिटं. आणि यातली यंदाची माझी सगळ्यात चांगली रेस.

बाहेरगावच्या मित्रमैत्रिणींसाठी रस्ता सांगते. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, पोवई नाका, मग गावातून चढत चढत समर्थ मंदिर, बोगदा, आणि तिथून यवतेश्वरचा घाट. घाट संपला म्हणजे सुटलो असं नाही, वर कासच्या रस्त्यालाही चढउतार आहेतच. तिकडून वळून त्याच घाटाने खाली. एकूण २१.०९७५ किलोमीटर, म्हणजे ४२.१९५ च्या बरोबर निम्मं. २०१२ साली ही रेस सुरू झाली आणि आता सप्टेंबर जवळ आला की अख्ख्या गावाला तिचे वेध लागतात.

दुसऱ्या वर्षीचं मला काय आठवतं? घड्याळ. घाटाच्या पायथ्याशी पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, किती होता, पाचव्या किलोमीटरला किती पडला, हृदयाचे ठोके कितीवर गेले, हे आजही तोंडपाठ आहे. घाट कसा होता ते आठवत नाही. धुकं होतं का, ऊन होतं का, तेही नाही. एक मात्र आठवतं आणि ते मनातून जात नाही. उतारावर एक दादा रस्त्याच्या कडेला पोटरी धरून बसले होते, चांगलाच क्रॅम्प आलेला. त्यांच्यापाशी दोघं थांबले होते हे खरं, पण मी मान वळवूनही बघितलं नाही. तेव्हा माझे बारा सेकंद वाचले असतील. त्या बारा सेकंदांचं मी पुढे काय केलं?

यंदा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, मला पण यायचंय. त्यांना मी ताई म्हणते. वय चोपन्न. रोज चार भिंती स्मारकापर्यंत चालायला जाण्याची सवय, पण धावणं शाळेत सुटलं ते सुटलंच. मी विचारलं, ताई, एकदम हाफ? त्यावर जे उत्तर मिळालं ते मला फार आवडलं. "मला तो रस्ता एकदा गाड्या नसताना बघायचाय."

सातारकरांना यातली गोम कळेल. फुलांच्या दिवसांत रविवारी कासचा रस्ता म्हणजे बंपरला बंपर. हॉर्न, डिझेलचा धूर, वळणावर सेल्फी काढणारी पोरं. आपल्या उंबऱ्याशी असलेला डोंगर, जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं पठार, आणि आपल्याला तिथे जावंसंच वाटत नाही. त्या एका सकाळी मात्र रस्ता पायांचा असतो.

सोळा आठवडे आम्ही दोघींनी तयारी केली. आधी पाच मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं. मग हळूहळू अंतर वाढवत रविवारी अजिंक्यतारा. कसोटी एकच ठेवली होती, धावताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटलं की वेग कमी करायचा. ताईंचं वाक्य सहसा तुटत नाही, घरातल्या सगळ्या लग्नांचे हिशोब त्या सोळा आठवड्यांत ऐकून झाले.

हे मुद्दाम सांगते, कारण "आनंदासाठी धावायचं" याचा अर्थ काहीजण "तयारी न करता धावायचं" असा घेतात. तसं करू नका, कळकळीने सांगते. चढाला माणूस आपोआप जपून चालतो, घात उतारावर होतो. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन पेलून धरतात, म्हणून तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. आणि आपल्याकडच्या सप्टेंबरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, मग माणूस प्रत्येक स्टॉलवर घटाघटा पाणी पितो. नुसतं पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. तहानेप्रमाणे प्या, मीठ-साखरेचं काहीतरी घ्या. औषधाच्या दुकानात बसणारी बाई सांगते आहे, एवढं ऐका. तयारी झालेली असली की शरीराकडे सारखं लक्ष द्यावं लागत नाही आणि डोळे बाहेर बघायला मोकळे होतात.

तर रेस. समर्थ मंदिराच्या चढाला गाव दुतर्फा उभं होतं. ढोल वाजत होते, एका दारात एक आजी वाटीत खडीसाखर घेऊन उभ्या होत्या. ताईंनी थांबून घेतली आणि आजींच्या पाया पडल्या. मागून येणारे आम्हाला वळसा घालून पुढे जात होते. माझ्यातली दुसऱ्या वर्षीची बाई एक क्षण कासावीस झाली, खोटं कशाला बोलू. मग मी पण पाया पडले.

बोगद्याच्या पुढे आवाज मागे राहिला. घाटात धुकं होतं आणि त्या धुक्यात शेकडो बुटांचा चपचप असा ओला आवाज. कुणी बोलत नव्हतं. काळ्या कातळावरून पाण्याच्या बारीक धारा रस्त्यापर्यंत येत होत्या, कडेला सोनकी पिवळीधमक फुललेली, तेरडा, मध्येच कारवीची हिरवी झुडपं. ताई म्हणाल्या, ही सात वर्षांतून एकदा फुलते ना गं, मग पुढच्या फुलण्याला मी किती वर्षांची असेन? आम्ही हिशोब करत वर चढलो. ज्या वळणावर मला दर वर्षी घड्याळ बघून धडकी भरायची ते वळण कधी गेलं, कळलंच नाही.

वर गेल्यावर पाच-सात मिनिटं धुकं उघडलं. एका बाजूला खाली कण्हेर धरणाचं पाणी, दुसरीकडे लांबवर सज्जनगड, धुतल्यासारखा. ताई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. गाडी नाही, हॉर्न नाही. आम्ही तिथे किती वेळ उभ्या होतो ते मला सांगता येणार नाही. ३ तास १४ मिनिटांत तोही वेळ आहे.

आता थोडं स्पष्ट बोलते. "तीन-तीन तास लावणाऱ्यांनी नाव नोंदवूच नये, जागा अडते" असं काही चांगले रनर बोलतात. मला हे पटत नाही. वेळेला किंमत आहे, मी नाही म्हणत नाही. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम केला, फायनल गाठली आणि तिथे दहावी आली. त्या शेवटच्या ७६ मागे माणदेशाच्या उन्हातली कितीतरी वर्षं आहेत, तिथे घड्याळापुढे मान झुकवावी. एखाद्याला स्वतःचा वेळ पाच मिनिटांनी कमी करण्यात सुख वाटत असेल तर तेही खरं सुख आहे, मी चाखलेलं आहे. पण कट-ऑफच्या, म्हणजे रेस संपवायला दिलेल्या वेळेच्या, आत पोचणारा प्रत्येकजण त्या रस्त्याचा तितकाच हक्कदार आहे. त्याने नोंदणीचे पैसे भरलेत, पहाटे उठून महिनोन्‌महिने पाय झिजवलेत.

आणि आनंदासाठी धावणं ही काही बाहेरून आलेली गोष्ट नाही. माऊलींची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते तेव्हा तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. अश्व धावतात, बघणारं सगळं माळरान उसळतं. सत्तरीचे म्हातारे उड्या मारताना मी तिथे पाहिलेत. श्रावणी सोमवारी यवतेश्वराला पायी जाणाऱ्या बायका तर याच घाटाने जातात. खाली आल्यावर त्यांना "दर्शन झालं का" असं विचारतात.

उतारावर ताईंची उजवी मांडी धरली. समोर अजिंक्यतारा, त्याच्या कुशीत गाव, आणि आम्ही जवळजवळ चालत. शेजारून एक कॉलेजची मुलगी रडत रडत चालली होती, गुडघा दुखत होता आणि ठरवलेली वेळ हुकली होती. ताईंनी तिचा हात धरला, नाव-गाव विचारलं, कुणाची कोण ते काढलं. पाचव्या मिनिटाला ती हसली. बोगद्यापासून आम्ही तिघी एकत्र आलो आणि ग्राउंडवर तिघींनी एकाच वेळी रेघ ओलांडली. ताईंनी मेडल घरी आल्यावर आधी देवापुढे ठेवलं, मग सासूबाईंच्या हातात दिलं. सासूबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "वर पाऊस होता का गं?"

ताईंची मांडी आता बरी आहे. येत्या रविवारपासून आम्ही परत सुरू करतोय, पहाटे साडेपाचला समर्थ मंदिरापाशी. सध्या बोगद्यापर्यंत जाऊन परत यायचं, एवढंच. जिला यायचंय तिने या. बूट कुठलेही चालतील, लेस नीट बांधा.