ज्वालामुखीवाला तो फॉरवर्ड आणि 'माणूस म्हणजे मुंगी'

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला आणि चौथ्यांदा माझ्या मामांनी पाठवला. त्यात थोडक्यात असं आहे की पृथ्वी 450 कोटी वर्षांची, माणूस तिच्यापुढे मुंगी, एक ज्वालामुखी फुटला की सगळ्या मानवजातीपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, हवेत तो गॅस जेमतेम 0.04 टक्के, हवामान आधीही बदलायचंच, तेव्हा चिंता नको, पृथ्वी स्वतःला सांभाळते. मामा चांगले शिकलेले आहेत. त्यांनाही हे पटलं याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

आधी ज्वालामुखी, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. जमिनीवरचे आणि समुद्राखालचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला साधारण 30-40 कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि आपण कोळसा, तेल, गॅस जाळून वर्षाला 3700 कोटी टनांच्या आसपास, म्हणजे दिवसाला 10 कोटी टन. 1991 मध्ये फिलिपाइन्समधला पिनाटुबो फुटला, तो विसाव्या शतकातला दुसरा सगळ्यात मोठा स्फोट, त्यातून निघाला सुमारे 5 कोटी टन. आपलं अर्ध्या दिवसाचं काम! उलट त्याच्या गंधकाच्या धुरामुळे पुढचं वर्ष-दीड वर्ष पृथ्वी अर्धा अंश थंड झाली होती.

आणि हवेत वाढलेला कार्बन आपलाच आहे हे कसं कळतं, तर कोळसा आणि तेल म्हणजे गाडली गेलेली जुनी जीवसृष्टी, कार्बनचे हलके आणि जड असे प्रकार असतात आणि झाडं हलका कार्बन जास्त उचलतात, त्यामुळे ते जाळलं की हवेतलं जड कार्बनचं प्रमाण घसरतं, तसं ते घसरतंय. जाळायला ऑक्सिजन लागतो, तोही किंचित कमी होताना मोजलाय. ज्वालामुखीतून आला असता तर हे दोन्ही असं दिसलं नसतं.

0.04 टक्क्याचं म्हणाल तर हवेतला 99 टक्के नायट्रोजन-ऑक्सिजन जमिनीची उष्णता अडवतच नाही, अडवतात ते हे थोडेसे गॅस आणि वाफ. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंश असतं.

हवामान आधीही बदललं, बरोबर. आपला सह्याद्रीच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि त्यासोबतच्या गॅसनेही हवामान बदललं होतं. पण तो लाव्हा लाखो वर्षं वाहत होता, आणि आपण दोन-अडीचशे वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड 280 पीपीएमवरून (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) 420 च्या वर नेलाय, अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेनुसार गेल्या 8 लाख वर्षांत तो 300 च्या फारसा वर कधी गेलाच नव्हता.

आता ती मुंगी. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, कारण महाराष्ट्रातल्या माणसाने तरी हे म्हणू नये. कोयनेचं धरण 1962 पासून भरायला लागलं, तिथे हादरे सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 चा भूकंप झाला, दीडशेच्या वर माणसं गेली. खडकात ताण आधीपासून होता, पण साठवलेल्या पाण्याने तो सुटला असं जगभरचे भूकंपतज्ज्ञ मानतात, आजही तिथल्या हादऱ्यांचा धरणातल्या पाण्याच्या चढउताराशी संबंध दिसतो. एका धरणाने जमीन हलते. आणि 1993 ते 2010 या काळात जगाने जमिनीखालून एवढं पाणी उपसलं की पृथ्वीचा भ्रमणध्रुव (ज्या बिंदूभोवती ती फिरते तो) सुमारे 80 सेंटीमीटर सरकला, असा 2023 चा अभ्यास आहे, आणि त्यात आपल्या वायव्य भारतातल्या उपशाचा मोठा वाटा आहे. गावोगावी बोअर मारणाऱ्या साध्या माणसांनी मिळून हे झालंय, एकेकटा बघितला तर प्रत्येकजण मुंगीच!

राहिलं 'पृथ्वी स्वतःला सांभाळते'. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराला भोक पडल्याचं जाहीर झालं, फ्रिज आणि स्प्रेमधल्या गॅसमुळे. 1987 मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला, ते गॅस हळूहळू बंद केले, आणि आता तो थर भरतोय, 2066 च्या सुमारास 1980 च्या पातळीला येईल असा अंदाज आहे. मामा, तो आपोआप भरत नाहीये, माणसांनी ते गॅस सोडणं थांबवलं म्हणून भरतोय.