टीडीएस २०० आला, बरं मग?

पाण्याचा विषय निघाला की हल्ली एकच प्रश्न असतो, "टीडीएस किती?" जणू पाण्याची जन्मपत्रिकाच. (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये.) मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे नातेवाइकांचे फोन मलाच. "बोअरचं पाणी २००च दाखवतंय, मस्त ना रे?"

मस्त असेलही. पण ते टीडीएस मोजायच्या त्या पेनाला विचारून कळणार नाही.

ते पेन पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम ही मंडळी लिटरमागे दहा-वीसपासून शेकडो मिलिग्रॅमपर्यंत असतात. आर्सेनिक या विषाची पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली मर्यादा मात्र आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. शिशाची तेवढीच, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१. समजा, आर्सेनिक मर्यादेच्या दहापट आहे. म्हणजे किती? ०.१ मिलिग्रॅम. पेनावर २००चे २००च दिसणार.

आणि तो फिल्टर विकायला येणारा मुलगा आठवतोय का? दोन ग्लासांत दांड्या बुडवतो, बटण दाबतो, तुमच्या नळाचं पाणी तपकिरी होऊन वर गाळ येतो, त्याचं आरओचं पाणी मात्र स्वच्छ राहतं. "बघा काकू, जड धातू!" अहो, तो गाळ बहुतांशी त्याच्याच लोखंडी दांडीचा. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, दांडी झिजते, गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यातच जमा, म्हणून वीज वाहत नाही आणि दांडीला काही होत नाही. पाण्यात शिसं आहे की नाही, हे त्यातून ओ की ठो कळत नाही. (आरओ वाईट असं मी म्हणत नाही. ते बरेच धातू काढतं. प्रश्न आहे तो तपासणीच्या नावाखाली चाललेल्या या जादूच्या प्रयोगाचा.)

न तपासलेल्या गोष्टीची किंमत काय असते, ते बांगलादेशाकडून शिकावं. तळ्याचं पाणी पिऊन मुलं हगवणीनं दगावत होती, म्हणून १९७०च्या दशकात तिथल्या सरकारनं युनिसेफच्या मदतीनं गावोगावी हातपंप बसवले. हेतू चांगला, जंतूंच्या बाबतीत पाणीही चांगलं. आर्सेनिक मात्र कुणी मोजलंच नाही. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या संयुगांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. जमिनीखाली प्राणवायू संपला की जिवाणूंच्या करामतीनं ते सुटतं आणि पाण्यात उतरतं. ना कारखाना, ना सांडपाणी. ना रंग, ना वास, ना चव. आपला रामबाण उपाय म्हणजे उकळणं, तर तोही फसतो. वाफ पाण्याची होते, आर्सेनिक पातेल्यातच राहतं, उलट थोडं दाटच होतं.

पश्चिम बंगालमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी आर्सेनिकबाधेचे रुग्ण ओळखले. तळहात-तळपायांवर कडक घट्टे, अंगावर काळे-पांढरे ठिपके. हे दिसायलाच वर्षं लागतात. फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग त्याच्याही पुढे. बांगलादेशातल्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं १९९३ मध्ये निश्चित झालं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं गेलं. धोक्यात असलेल्या माणसांचा अंदाज होता साडेतीन ते ७.७ कोटी.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती मधलीच एक गोष्ट. १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेनं तिथल्या काही विहिरींचं पाणी तपासून अहवाल दिला होता. अहवालात आर्सेनिकचा आकडाच नव्हता, कारण ते तपासलंच नव्हतं. पुढे बांगलादेशातल्या एका गावकऱ्यानं त्यावरून इंग्लंडमध्ये दावा लावला. २००६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, तो फेटाळला, या संस्थेचं त्याच्याप्रती तसं कायदेशीर कर्तव्यच नव्हतं म्हणून. कायद्यानं बरोबर असेल. मला अजून पचलेलं नाही.

आता आपल्याकडे. महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या पाषाणाचा, तिथे बंगालसारखी आर्सेनिकची धास्ती नाही. उगाच घाबरू नका. पण गडचिरोलीला लागून छत्तीसगडात, अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा भागात, खडकातूनच आर्सेनिक पाण्यात उतरलंय. आणि जिथे खडक निर्दोष आहे तिथे आपण आहोतच! उरुळी देवाची-फुरसुंगीला कचरा डेपोनं विहिरींचं काय केलं, ते पुणेकरांना सांगायला नको. एमआयडीसीच्या किंवा डेपोच्या शेजारी बोअर असेल, घरात लहान मुलं असतील, तर शिशाची तपासणी टाळू नका. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं 'एवढं चालतं' असं प्रमाणच नाही.

सोसायटीच्या फाइलमधला रिपोर्ट काढा. त्यात बहुधा पीएच, कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड आणि जंतू असतील, खाली शिक्का, 'पिण्यायोग्य'. धातूंची ओळ असेलच असं नाही. ती वेगळी मागावी लागते, कारण त्याला वेगळं यंत्र लागतं आणि पैसेही जास्त पडतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत आधी फोन करून विचारा, "आर्सेनिक, शिसं, कॅडमियम, क्रोमियम करता का?" हो म्हणाले तर नमुन्याची बाटली त्यांच्याकडूनच आणा. धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटू नयेत म्हणून नमुन्यात थोडं नायट्रिक आम्ल घालावं लागतं. घरातली कोल्ड्रिंकची रिकामी बाटली विसळून भरून नेऊ नका.