‘पंचांना नियमच लावायचे नसतात’ या तक्रारीतले नियम तपासून पाहू

बास्केटबॉलचा चुरशीचा सामना संपला की एक तक्रार हमखास फिरू लागते. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘नियम अगदी सोपे आहेत. चेंडू हातात घेऊन दोनच पावलं. अंगाला धक्का लागला की फाउल. बचाव करणारा स्थिर उभा असेल तरच चार्जिंग, म्हणजे धडकणाऱ्या आक्रमकाचा फाउल. एवढं पंचांना दिसत नाही? आणि एका संघाचे फाउल दुसऱ्याच्या दुप्पट होतात, ते काय उगाच?’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. मला हे मनापासून खटकतं, कारण अशा ऐकीव नियमांवर वाढलेली मुलं बचाव करायलाच चुकीचं शिकतात. शिवाय प्रत्येक शिट्टीला अंगावर येणारा आरडाओरडा बघून पंचगिरी करायला नवी माणसं पुढे यायला कचरतात.

आधी सगळ्यांत रुजलेली समजूत घेऊ: ‘बचावपटू स्थिर नव्हता, म्हणजे ब्लॉकिंगच’, म्हणजे वाट अडवल्याचा फाउल बचावपटूचाच. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत अशी अट नाही. बचावपटूने प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले की त्याची जागा कायदेशीर झाली. त्यानंतर ती टिकवण्यासाठी तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, जागच्या जागी सरळ वर उडीही मारू शकतो. धडक त्याच्या छातीवर बसली, तर पाय हलत असले तरी फाउल आक्रमकाचा. आणि चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला ‘मला थांबायला वेळच मिळाला नाही’ असं म्हणता येत नाही. समोरचा क्षणार्धात आडवा आला तरी थांबण्याची किंवा दिशा बदलण्याची जबाबदारी चेंडूवाल्याची. चेंडू नसलेल्या खेळाडूला मात्र वेळ आणि अंतर द्यावंच लागतं.

हे सगळं उडी मारलेल्या खेळाडूपाशी बदलतं. त्याचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी बचावपटू तिथे पोहोचलेला हवा. नंतर त्याच्या वाटेत सरकला, तर पुतळ्यासारखा उभा राहूनही उपयोग नाही. पडद्यावर धडक होते तेव्हा तो ‘उभाच’ दिसतो, आणि घराघरांतून पंचाचा उद्धार सुरू होतो. पंचाने पाहिलेला क्षण त्याच्या थोडा आधीचा असतो. कॅमेरा चेंडूमागे धावतो. पंचाला शिकवलेलं असतं की नजर बचावपटूवर ठेवायची. दोघं एकच सामना बघतात, पण एकच गोष्ट बघत नाहीत.

रिंगखालच्या अर्धवर्तुळाचंही तसंच. फिबात त्याची त्रिज्या 1.25 मीटर असते. हवेत उडालेला चेंडूवाला आत पाय असलेल्या बचावपटूवर आदळला, तर चार्जिंग देत नाहीत. त्या चेंडूवाल्याने हात, पाय किंवा अंग बेकायदा वापरलं असेल तर गोष्ट वेगळी. यावरून लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की आत उभा असलेला बचावपटू आपोआप दोषी. तसं कुठेही लिहिलेलं नाही. हात सरळ वर ठेवून तो आपल्याच जागेत उभा उडाला असेल, तर फाउल कोणाचाच नाही आणि खेळ पुढे चालू. न वाजलेली शिट्टी हाही निर्णयच असतो.

आता ‘धक्का लागला की फाउल’. 28 बाय 15 मीटरच्या कोर्टवर 10 माणसं वेगाने पळत असताना अंगाला अंग लागणं बरेचदा टळू शकत नाही, हे फिबाचं नियमपुस्तकच मान्य करतं. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्या 1892 साली छापल्या गेलेल्या 13 नियमांतही खांद्याने रेटणं, धरणं, ढकलणं, पाय घालून पाडणं, मारणं यांना बंदी होती. नुसत्या स्पर्शाला नव्हती. आजचा पंच पाहतो की त्या स्पर्शाने कुणाला गैरफायदा मिळाला का, किंवा कुणाचं नुकसान झालं का. किरकोळ स्पर्शासाठी खेळ विनाकारण थांबवू नये, अशी सूचना त्याला नियमांतूनच दिलेली असते.

‘मागून वरून हात घातला’ ही रिबाउंडच्या, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्याच्या, वेळची ओरडही अशीच. वरून हात घालणं हा गुन्हाच नाही. उंच खेळाडूने पुढच्याला न ढकलता, त्याच्यावर न रेलता, डोक्यावरून चेंडू काढला, तर तो त्याच्या उंचीचा आणि वेळ साधण्याचा फायदा. पुढच्याला विस्थापित केलं तरच फाउल. चेंडूकडे हात नेणं हासुद्धा स्वतःहून फाउल होत नाही. ‘हात चेंडूचाच भाग असतो’ हे वाक्य मात्र एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या नियमांत खरोखर आहे, पण ते चेंडूला टेकलेल्या हातापुरतं. लोक ते मनगट आणि कोपरापर्यंत ताणतात.

पावलांबद्दल. दोन पावलांची मर्यादा खरी आहे. चूक होते ती मोजणी कुठून सुरू करायची यात. धावता खेळाडू चेंडू ताब्यात घेतो त्या क्षणी जो पाय जमिनीवर असतो, तो मोजायचा नाही. पुढे टेकणारा पाय पहिला. फिबाने हे 2017 मध्ये स्पष्टपणे नियमांत आणलं. म्हणून चित्रफीत थांबवून थांबवून ‘एक, दोन, तीन’ मोजणाऱ्यांचं तिसरं पाऊल बहुधा पहिल्याच्या आधीचं असतं. जागेवर उभं राहून चेंडू घेतलेल्याला ही सवलत नाही. त्याला ड्रिबल (चेंडू आपटत पुढे जाणं) सुरू करायचा असेल तर पिव्होटचा, म्हणजे जागेवर रोवलेला, पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. पास किंवा शॉटसाठी मात्र तो पाय उचलता येतो, फक्त परत टेकण्याआधी चेंडू सोडायचा. चेंडू धरून घसरत पडणं हे फिबात ट्रॅव्हलिंग, म्हणजे पावलांचं उल्लंघन, नाही. चेंडू हातात ठेवून लोळलं किंवा उठायचा प्रयत्न केला, तर आहे.

किरकोळ समजुती पटकन सांगतो. चेंडू पायाला चुकून लागला तर उल्लंघन नाही, मुद्दाम लाथ मारली किंवा पायाने अडवला तरच. शॉट सुटला की चेंडूवर कुठल्याच संघाचा ताबा राहत नाही, त्यामुळे रिबाउंडच्या झटापटीत 3 सेकंदांचा नियम (आक्रमकाने रिंगजवळच्या आखलेल्या भागात त्याहून जास्त वेळ थांबू नये) लागू होत नाही. रिंगला लागून वर उसळलेला चेंडू फिबात कुणीही खेळू शकतो. एनबीएत तो रिंगवरच्या काल्पनिक नळकांड्यात असेपर्यंत हात लावता येत नाही. टीव्हीवर एक स्पर्धा बघायची आणि मैदानावर दुसरीचे नियम, म्हणून या मुद्द्यावर भांडणं फार होतात.

राहिला फाउलचा हिशेब. दोन्ही संघांचे फाउल सारखे का असावेत? एक संघ सतत रिंगकडे घुसतो, दुसरा लांबून शॉट घेतो. एक पूर्ण कोर्टभर दाबून बचाव करतो, दुसरा मागे थांबतो. आक्रमण आणि बचावाची पद्धतच वेगळी असताना शिट्ट्या समसमान वाजल्या, तर उलट मला शंका येईल. शेवटी पिछाडीवरचा संघ घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाउल करतो आणि आकडे आणखी फाकतात. पंच चुकतात, हे खरंच. एनबीए 2015 पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या 2 मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल जाहीर करते आणि त्यात चुका चुका म्हणूनच नोंदवलेल्या असतात. पण तो अहवाल एकेका प्रसंगाचा असतो, बेरजेचा नाही. पक्षपाताचा आरोप करायचा तर तसाच करा: कोणती शिट्टी चुकली, आणि त्या क्षणी बचावपटूचे पाय कुठे होते, ते दाखवा.