साडेचोवीस कोटी, पण डॉलर

2024 च्या मार्चमध्ये आमच्या दादरच्या मित्रांच्या ग्रुपवर मिचेल स्टार्कला सगळे धुऊन काढत होते. कोलकात्यानं त्याच्यासाठी पावणेपंचवीस कोटी मोजलेले आणि पहिल्या दोन सामन्यांत पठ्ठ्यानं बरोबर 100 धावा दिल्या, विकेट एकही नाही. "एवढ्यात अर्धं नेरळ आलं असतं," एकानं लिहिलं. मेमध्ये चेन्नईच्या फायनलला स्टार्कनं पहिल्याच षटकात अभिषेक शर्माची दांडी उडवली, तेव्हा त्याच इसमाचा मेसेज: "पैसे वसूल!"

मी इकडे व्हर्जिनियात. मधल्या एप्रिलमध्ये मी ग्रुपवर टाकलं होतं, "आमचा एक आज रिटायर झाला. साडेचोवीस कोटी, पण डॉलर." कुणी फिरकलंच नाही. बेसबॉल म्हटलं की आमचा ग्रुप झोपतो.

तो म्हणजे वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे तिथला गोलंदाज, स्टीफन स्ट्रासबर्ग. जून 2010 मध्ये त्याचा पहिला सामना मी स्टेडियममध्ये बसून पाहिला. नियम तेव्हा मला धड कळत नव्हते. पण शेवटचे सात बॅटर त्यानं ओळीनं स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकवर बाद, असे एकूण 14, आणि शेजारचे आजोबा दर वेळी माझ्या खांद्यावर थाप मारत होते, एवढं पुरलं. त्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन. 2012 मध्ये संघ जोरात असताना मॅनेजमेंटनं त्याला सप्टेंबरमध्येच घरी बसवलं, हात जपायचा म्हणून. प्लेऑफमध्ये संघ पहिल्याच फेरीत हरला आणि शहर खवळलं. 2025 मध्ये इंग्लंडमध्ये बुमराहनं पाचपैकी तीनच कसोटी खेळल्या, सिराज पाचही खेळला, आणि गावसकरांनी 'वर्कलोड' हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून काढा म्हटलं, तेव्हा मला 2012 चं वॉशिंग्टनच आठवलं. तेच वाद, फक्त गावसकरांनी दिलेला सीमेवरच्या जवानांचा दाखला नव्हता.

जपलेला हात 2019 मध्ये कामी आला. वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या फायनलमध्ये, त्यानं दोन सामने जिंकून दिले, सर्वोत्तम खेळाडू ठरला. डिसेंबरात सात वर्षांचा, साडेचोवीस कोटी डॉलरचा करार झाला. त्यानंतर तो एकूण आठ सामने खेळला. मानेखाली, बरगडीपाशी नस दाबली जायची. ऑपरेशन करूनही हात पूर्वीसारखा झालाच नाही. करारानंतर तो पिचिंगला असताना पडलेले बळी एकूण 94. हिशेब केला तर एका बळीला सव्वीस लाख डॉलर, म्हणजे 2024 च्या भावानं साधारण 22 कोटी रुपये. स्टार्कचा अख्खा हंगाम साधारण एका बळीत बसला.

मग असे करार परवडतात का? सौदा म्हणून बघाल तर बहुतेकदा नाही, आणि तिशी ओलांडलेल्याला सात वर्षं तर नाहीच. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या यांकीज संघानं पिचर गेरिट कोलला नऊ वर्षांचे 32.4 कोटी डॉलर दिले. 2023 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला, 2025 चा पूर्ण हंगाम कोपराच्या ऑपरेशनमध्ये गेला. पिचरपेक्षा बॅटर बरा, असंही नाही. आमचाच बॅटर अँथनी रेंडन तेव्हाच एंजल्स संघाकडे गेला, स्ट्रासबर्गसारखाच सात वर्षांसाठी आणि अगदी तेवढ्याच 24.5 कोटींना. तोही जास्त वेळ जायबंदीच. उलट आमच्याच मालकांनी 2015 मध्ये पिचर मॅक्स शर्झरला 21 कोटी दिले आणि त्यातला डॉलर न् डॉलर वसूल झाला. आधी कळतं कुणाला?

पण ग्रुपवरच्या वादात मला खटकतं ते वेगळंच. वसुली फक्त मालकाचीच का मोजायची? इथे करार पक्का असतो. हात गेला तरी पगार चालू, कारण हात गेला तो कामावर. आपल्याकडे आयपीएलमधले थोडे नशीबवान सोडले तर रणजीचा गोलंदाज दिवसाच्या हिशेबावर जगतो. चाळीसहून जास्त सामने झालेले असतील तर दिवसाला 60 हजार, अकरात असेल तर. पाठ धरून घरी बसला की ती कमाई थांबली. स्ट्रासबर्गची रक्कम वेडगळ होती, मान्य. पद्धत मला वेडगळ वाटत नाही.

हे सगळं मी लांबलचक टाइप करून पाठवलं. अपेक्षेप्रमाणे दोन अंगठे आले आणि एक "जेवलास का?"

आमच्यातला एक जण मुंबईची कांगा लीग खेळायचा, मध्यमगती गोलंदाज. चोविसाव्या वर्षी पाठ गेली, मग बँकेत चिकटला. लिलावाच्या गप्पांत तो कधी पडत नाही. रात्री उशिरा त्याचा एकट्याचा वेगळा मेसेज आला.

"आठच मॅच खेळला म्हणतोस. पगार चालू ठेवला का रे त्यांनी?"

हो म्हटलं.

"बरं झालं."