घरातलं लिहिणं आता थांबवतेय

मंडळी, यापुढे माझ्या वॉलवर आमच्या घरातलं काही येणार नाही. लेकीचं नाही, धाकट्याचं नाही, नवरा-बायकोच्या कुरबुरींचंही नाही. बारा-तेरा वर्षं लिहीत आले. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी लेकीला तिच्या बारशापासून वाचलंय, त्यामुळे काही न सांगता गप्प होणं मला बरोबर वाटेना. म्हणून सविस्तर लिहिते.

कोणाशी वाजलेलं नाही, कोणी टोकलेलंही नाही. लेक आता आठवीत गेली, एवढंच झालंय.

मूल कडेवर असतं तेव्हा त्याची गोष्ट बरीचशी आईचीच असते. जागरणं माझी होती. दूध पुरत नाही ही धास्ती माझी होती. बघायला येणारी प्रत्येक बाई ‘वरचं सुरू कर गं’ म्हणायची तेव्हा रडू मला फुटायचं. ते लिहायचा हक्क माझा होता, तो मी पुरेपूर वापरला आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. त्या पोस्टखाली जतपासून न्यू जर्सीपर्यंतच्या बायका बोलत्या झाल्या. बाळंतपणानंतर बाळाकडे बघावंसंच वाटत नव्हतं, हे काहींनी आयुष्यात पहिल्यांदा तिथं सांगितलं. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे.

पण आठवीतल्या मुलीचे मार्क, तिचं वजन, तिची पाळी, मैत्रिणीशी तुटल्यावर दोन दिवस न जेवणं, ही माझी गोष्ट नाही. ती कधी, कोणाला आणि किती सांगायची हे तिनं ठरवायचं.

‘आपल्याच मुलांचं तर लिहितो, त्यात काय एवढं?’ असं मला खूप जणी म्हणतात. मला ते पटत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. राज्यघटनेचं कलम २१ व्यक्तीबद्दल बोलतं, त्यात वयाची अट नाही. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायची तर कंपनीनं पालकांची संमती घ्यायची. म्हणजे पालक हा मुलाचा राखणदार, असं कायदा धरून चालतो. राखणदारानंच दार सताड उघडं ठेवलं तर? फ्रान्सनं फेब्रुवारी २०२४ मध्ये याच प्रश्नावर कायदा केला. मुलाच्या प्रतिमेचा हक्क आईवडील दोघांनी मिळून जपायचा आणि वय व समज पाहून मुलालाही त्यात सामील करून घ्यायचं. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल. घरात मुलांना विचारायला कायदा लागत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तेच केलं. सगळ्या पोस्ट उतरवून घेतल्या, विश्रामबागेत प्रिंट मारून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि तो गठ्ठा लेकीच्या हातात दिला. म्हटलं, नको असेल तिथं फुली मार. दोन दिवस पालथी पडून, हातात शिसपेन घेऊन तिनं वाचलं. मला वाटलं होतं, शी-शूच्या गोष्टींवर फुल्या येतील. तिथं एकही नव्हती. फुली होती ती दुसरीतल्या डब्याच्या पोस्टवर. तेव्हा ती डबा तसाच परत आणायची. भाज्या बघून नाक मुरडणारी माझी लेक, अशी ती पोस्ट होती, आणि ती तुम्हाला फार आवडली होती. समासात तिनं बारीक अक्षरात लिहिलंय, ‘भाजी आवडायची. माझ्याशेजारी डबा खायला कोणी बसायचं नाही.’

हे सातव्या वर्षी तिला सांगता आलं नव्हतं. आणि एकदा माझी पोस्ट गाजल्यावर घरीदारी, आजीच्या तोंडीसुद्धा, भाजीचीच गोष्ट खरी होऊन बसली. मग तिनं आपली गोष्ट सांगायची कोणाला?

धाकट्याचं वेगळंच. तो काही गमतीचं बोलला की लगेच माझ्याकडे बघतो आणि विचारतो, ‘हे टाकणार?’ नऊ वर्षांच्या पोरानं स्वतःच्या स्वयंपाकघरात बाहेरच्या वाचकांचा अंदाज घेत बोलावं, हे मला अजिबात नकोय.

घरातलं कधी कोणी लिहूच नये, असं मात्र माझं मुळीच म्हणणं नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० मध्ये आल्या, न्यायमूर्ती जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानं आलं, तोवर रेव्हरंड टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. या बायकांनी घर लिहिलं म्हणून तर त्या काळचा संसार आतून कसा होता ते आपल्याला कळतं. पण घडणं आणि लिहिणं यांच्यात त्यांच्याकडे वर्षं होती. आपण सकाळी घडलेलं दुपारी टाकतो आणि दिवेलागणीपर्यंत दीडशे जणांची मतं येऊन पडलेली असतात.

सासूबाईंबद्दलच्या पोस्ट मी काढणार नाही. स्मृतिभ्रंशात शेवटी शेवटी त्या रिकामं ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसायच्या, न दिसणारा खडा चिमटीत धरून बाजूला ठेवायच्या. संध्याकाळ झाली की दाराशी उभ्या. ‘मला घरी सोड, आई वाट बघत असेल.’ वाद घालून उपयोग नसायचा. चपला घालायच्या, हात धरून गल्लीत एक फेरी मारायची आणि आपल्याच दाराशी येऊन म्हणायचं, ‘आलं बघा घर.’ त्या आत येऊन चहा प्यायच्या. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, पण दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाचं काय करायचं हे दुसरं घरच सांगू शकतं. त्यांना विचारता येण्यासारखं नव्हतं, म्हणून नवऱ्याला आणि नणंदेला वाचून दाखवल्याशिवाय मी एक ओळ टाकली नाही. न्हाणीघरातलं काहीही लिहिलं नाही. त्या पोस्ट वाचून अजूनही लोकांचे मेसेज येतात, रात्री-अपरात्री येतात. त्या राहतील.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराच्या पोस्टही राहतील. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या आठवड्यात कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभागातून आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी मिरजेला मावशीकडे गेलो होतो. परत आल्यावरची फुगलेली कपाटं, आडवा पडलेला फ्रीज, पत्र्यावर वाळत घातलेला लग्नाचा अल्बम हे एकट्या आमच्या घराचं नाही, सगळ्या सांगलीचं आहे.

बाकी लिहिणं सोडत नाहीये. नदीवर लिहीन, गावावर लिहीन, चाळिशीनंतरच्या माझ्या गुडघ्यांवर आणि झोपेवर लिहीन. ते सगळं माझं आहे.

मुलांच्या पोस्ट या महिनाअखेरीला ‘ओन्ली मी’ करतेय. एक कळकळीची विनंती आहे. कोणाकडे स्क्रीनशॉट असतील, कोणाला जुन्या मेमरीज दिसतील, तर प्रेमानंसुद्धा पुन्हा शेअर करू नका, आणि लेक कुठं भेटली तर तिला बारशाचे किस्से ऐकवू नका. तिच्या वर्गातल्या पोरांच्या हातात आता फोन आलेत.