गुरुवारी ऑक्सिडेन बंद

अकरावी सायन्सची पोर घरात असली की रात्री साडेनऊनंतर सुखाने आडवं व्हायचं नाही. त्याच मुहूर्तावर "बाबा, याचं नाव काय?" सुरू होतं. समोर कागद, कागदावर नुसत्या तिरक्या रेघा, अक्षर एकही नाही, आणि रेघ जिथे वळते तिथे एक कार्बन बसलाय असं आपण समजून घ्यायचं.

केमिस्ट्रीत अशा कार्बनच्या साखळ्यांना नाव द्यायचा नियम ऐकायला सोपाय. सगळ्यात लांब साखळी शोधा, फांदी ज्या टोकाला जवळ तिकडून नंबर द्या. पण ती लांब साखळी सरळ जाईलच असं कुणी सांगितलंय! कन्येने लिहिलं टू-इथिलब्युटेन, पुस्तकाच्या मागे उत्तर थ्री-मिथाइलपेंटेन, म्हणजे पाच कार्बनची साखळी (ती पेंटेन) आणि तिला एका कार्बनची फांदी (ती मिथाइल). जी दोन कार्बनची इथिल फांदी म्हणून तिने बाजूला काढली होती, मेन रोड नेमका तिच्यातूनच जात होता.

मग फांद्यांचा क्रम. तो इंग्रजी अक्षरांप्रमाणे. म्हणून ४-इथिल-२,२-डायमिथाइलहेक्झेन, म्हणजे मिथाइल बिचारे दोन नंबरवर बसलेत तरी चार नंबरवाला इथिल पुढे घुसणार कारण ई आधी आणि एम नंतर. मी म्हटलं, अगं पण डायमिथाइलचा डी तर ईच्याही आधी येतो ना? तर नाही, डाय-ट्राय धरायचे नाहीत. आयसोप्रोपिलचा आय मात्र धरायचा. (हा नियम ठरला त्या मीटिंगमध्ये चहा संपलेला असणार.)

हे सगळं १८९२ साली जिनिव्हात सुरू झालं, १९१९ला आययूपॅक ही केमिस्ट्रीतली नावं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली आणि नियम वाढतच गेले. त्यांचीही बाजू आहे म्हणा. डेकेन म्हणजे दहा कार्बन नि बावीस हायड्रोजन, तेवढ्याच मालात ७५ वेगवेगळ्या रचना होतात, आणि वीस कार्बन घेतले तर साडेतीन लाखांच्या वर. इतक्यांना नावं आणणार कुठून?

तरी माझा जीव जुन्या नावांतच. फॉर्मिक ॲसिड हे नाव लॅटिनमधल्या मुंगीवरून, कारण १६७१ साली जॉन रे यांनी ते चक्क मुंग्यांपासून काढलं होतं. कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही तिघं बकरीच्या नावाची, वासालाही तशीच. आता म्हणायचं मेथॅनॉइक, हेक्झॅनॉइक. मुंगी गेली, बकरी गेली. पुण्यात हे खपलं नसतं बरं का, इथे देवालासुद्धा डुल्या मारुती, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर अशी हाक मारतात. जिनिव्हावाल्यांच्या हातात पेठा दिल्या असत्या तर लक्ष्मी रोडची मुख्य साखळी धरून ३-मारुती-७-विठोबा असलं काहीतरी केलं असतं त्यांनी, आणि नंबर कुठल्या टोकाकडून मोजायचे यावरून रिक्षावाल्याने भर चौकात वाद काढला असता.

त्यात मध्येच हायड्राइड, म्हणजे हायड्रोजनशी जोडी जमवलेले, उपटले. आययूपॅकच्या पद्धतीने अमोनिया म्हणजे अझेन, सिलिकॉनचा हायड्राइड सिलेन आणि पाणी ऑक्सिडेन. हो, पाणी! रोजच्या वापरात वॉटर चालतं त्यांनाही, पण पद्धतशीर नाव हेच. आईने मालिका म्यूट केली. "म्हणजे गुरुवारी ऑक्सिडेन बंद म्हणायचं का रे? बुधवारी भरून ठेवायला लागेल."

आता लेक रस्त्यातही सोडत नाही. परवा पेट्रोल पंपावर लाइनीत मागे बसून म्हणते, "बाबा, पेट्रोल इंजिनात ठोके न देता किती नीट जळतं ते सांगणारा ऑक्टेन नंबर काढताना आयसोऑक्टेनला शंभर धरतात, माहितीये? पण त्याचं खरं नाव २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन." म्हणजे कार्बन मोजून आठ, ऑक्टेनचा हा शंभर नंबरी मानकरी, आणि कागदोपत्री पेंटेन! "मग झिरो कुणाला?" "सरळ साखळीच्या हेप्टेनला." एवढं ज्ञान पोटात राहीना, म्हणून नंबर आल्यावर पंपावरच्या पोराला सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे नोझल टाकीत घातलं आणि म्हणाला, "काका, झिरो बघा."